विद्यापीठ आणि त्याचा शेजार

श्रोतेहो, 'विद्यापीठ' हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच इमारती, ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें, पदवीदानाचे झगे आणि परीक्षांचे निकाल उभे राहातात. परंतु प्रत्येक विद्यापीठाला एक कुंपण असतें, आणि त्या कुंपणाबाहेर माणसें राहात असतात. कोणी दुकानदार असतो, कोणी खाणावळवाला, कोणी धोबी, तर कोणी नुसता घरमालक. त्यांच्या दारावरून विद्यार्थी रोज जातात-येतात. पण आंत काय चालतें हें त्यांच्यापैकीं फारच थोड्यांस ठाऊक असतें. विद्यापीठांचे इतिहास लिहिणारे आंतल्या आचार्यांविषयीं पुष्कळ लिहितात, बाहेरच्या शेजाऱ्यांविषयीं थोडें. आज मी त्या शेजाऱ्यांची हकीकत सांगणार आहें. विद्यापीठानें आपली खबरबात शेजाऱ्यांना दिली तर काय होतें, आणि न दिली तर काय होतें, या एका प्रश्नाच्या धाग्यांत ती ओवावी असा माझा विचार आहे.

आरंभ इंग्लंडांतील ऑक्सफर्डपासून करूं. बाराव्या-तेराव्या शतकांत तेथें विद्यापीठ म्हणून वेगळी वास्तु अशी नव्हतीच. गुरु आणि शिष्य गांवकऱ्यांच्याच घरांत भाड्यानें राहात. भाडें किती, पावाचें वजन किती, मद्याचें माप किती, यांवरून रोजच्या कुरबुरी चालत. त्यांतच एक मोठी अडचण होती. विद्यार्थी धर्मसंस्थेच्या छत्राखालीं असल्यामुळें गांवच्या न्यायाधीशाचा हुकूम त्यांच्यावर चालत नसे. १२०९ सालीं ऑक्सफर्डमध्यें एका स्त्रीचा खून झाला. ज्या विद्यार्थ्यावर आळ होता तो पळून गेला, तेव्हां चिडलेल्या गांवानें त्याच्या बिऱ्हाडांतील सोबत्यांना धरून फांसावर चढविलें. गुरुशिष्य भयानें गांव सोडून गेले. त्यांच्यापैकीं कांहीं केंब्रिज या गांवीं जाऊन स्थिरावले. आज जगाला वंद्य असलेल्या केंब्रिज विद्यापीठाचा उगम असा एका शेजारच्या भांडणांत आहे. पुढें १२१४ सालीं पोपच्या वकिलानें ऑक्सफर्डचा तंटा मिटविला. भाडीं बांधून दिलीं. गरीब विद्यार्थ्यांसाठीं गांवानें दरसाल ५२ शिलिंग द्यावे आणि संत निकोलसच्या सणाला १०० गरीब विद्यार्थ्यांना जेवूं घालावें, असें ठरलें.

तंटा मिटला, तेढ मात्र मिटली नाहीं. १० फेब्रुवारी १३५५, संत स्कोलॅस्टिकाचा सण. ऑक्सफर्डच्या भर चौकांत एक गुत्ता होता. तेथें बसलेल्या दोघां विद्यार्थ्यांनीं मद्य वाईट आहे अशी तक्रार केली. गुत्तेदारानें उलट उत्तर दिलें, शब्दानें शब्द वाढला, आणि विद्यार्थ्यांनीं मद्याचें भांडें त्याच्या डोक्यांत घातलें. एवढेंच निमित्त! गांवकऱ्यांनीं आपल्या सेंट मार्टिन चर्चची घंटा वाजविली. तें ऐकून विद्यापीठानें सेंट मेरी चर्चची घंटा वाजविली. त्या काळीं वर्तमानपत्र नव्हतें. जन्म, मरण, आग, शत्रु या साऱ्यांची बातमी घंटाच सांगे. त्या दिवशीं दोन घंटांनीं दोन सैन्यें गोळा केलीं. आसपासच्या खेड्यांतून धनुष्यबाण घेतलेले लोक गांवाच्या मदतीस आले. तीन दिवस कत्तल चालली. परंपरेनें सांगितला जाणारा आंकडा असा कीं विद्यापीठाकडील ६३ आणि गांवाकडील सुमारें ३० माणसें प्राणास मुकलीं.

राजा तिसरा एडवर्ड यानें निवाडा विद्यापीठाच्या बाजूनें दिला. पाव, मद्य, वजनें-मापें यांवर देखरेख करण्याचे हक्क गांवाकडून काढून विद्यापीठाला दिले. धर्मगुरूनें गांवावर बहिष्कार घातला होता. तो उठविण्याची अट अशी कीं नगराध्यक्षानें आपले अधिकारी आणि साठ नागरिक घेऊन दरसाल त्याच दिवशीं सेंट मेरी चर्चमध्यें यावें, प्रार्थना करावी आणि प्रत्येकानें एकेक पेनी ठेवावी. हें प्रायश्चित्त किती काळ चालावें? १८२५ सालापर्यंत! चारशें सत्तर वर्षें. मूळ भांडणारे केव्हांच मातींत मिसळले. त्यांच्या पणतूंचे पणतूही गेले. पण दरसाल फेब्रुवारींत नगराध्यक्ष मान खालीं घालून जातच राहिला. मीं पुष्कळ वर्षें शाळेंत मुलें शिकविलीं. एकदां केलेल्या अपराधाची रोज आठवण दिलेला मुलगा सुधारत नाहीं, तो मनांत अढी धरतो, हें कोणीही शिक्षक सांगेल. गांवांचेंही तसेंच असतें. अखेर १९५५ सालीं, त्या दंगलीला सहाशें वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, विद्यापीठानें नगराध्यक्षाला सन्मान्य पदवी दिली, आणि गांवानें विद्यापीठाच्या कुलगुरूंना सन्मान्य नागरिकत्व दिलें. राजाज्ञेनें जें सहाशें वर्षांत साधलें नाहीं, तें परस्परांच्या मानानें एका समारंभांत साधलें.

येथें आपण एक गोष्ट ध्यानांत घेऊं. विद्यापीठांतील अध्यापन, वादविवाद, दप्तर सारें लॅटिनमध्यें चाले. बाहेरच्या सुताराला, खाटकाला त्यांतील अक्षर कळत नसे. आंत काय घडतें हें न कळतां त्याचे परिणाम मात्र त्याला भोगावे लागत. याचें विदारक चित्र केंब्रिज येथें १३८१ सालीं दिसलें. त्या वर्षीं इंग्लंडांत शेतकऱ्यांचें बंड झालें. केंब्रिजच्या जमावानें विद्यापीठाच्या पेट्या फोडल्या, सनदा आणि कागद बाजारपेठेंत आणून जाळले. मार्जरी स्टार नांवाची एक बाई ती राख वाऱ्यावर उधळीत, पंडितांची विद्या दूर होवो, अशा अर्थाचें ओरडत होती अशी नोंद आहे. विद्येचा द्वेष करणारी एक अडाणी बाई म्हणून तिला हिणविणें सोपें आहे. पण विचार करा. त्या कागदांत काय लिहिलें आहे हें तिला कोणी कधीं वाचून दाखविलें होतें काय? पाव कोणत्या भावानें विकावा, न्याय कोणाकडे मागावा, हें त्या कागदांवरून ठरत होतें, एवढेंच तिला माहीत. जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं आणि जो सदैव आपल्याविरुद्धच निघतो, त्याच्याविषयीं कोणाला ममता वाटेल? बंड मोडल्यावर राजानें येथेंही बाजारावरचे हक्क विद्यापीठालाच दिले. म्हणजे औषध तेंच, आणि रोगही तोच राहिला.

मग शेजाऱ्यांना विद्यापीठाची कोणतीच खबर मिळत नव्हती काय? एक मिळे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजांत 'ग्रेट टॉम' नांवाची प्रचंड घंटा आहे. रोज रात्रीं ९ वाजून ५ मिनिटांनीं तिचे १०१ ठोके पडतात. मूळच्या १०० विद्यार्थ्यांचे शंभर, आणि पुढें वाढलेल्या एकाचा एक. ही पांच मिनिटें अधिक कां? ऑक्सफर्डची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पांच मिनिटें मागें, म्हणून. ठोके संपले कीं विद्यार्थ्यांनीं आंत परतावें आणि दारें बंद व्हावीं, असा जुना नियम होता. गांवालाही तें ऐकूं येई. पण ती बातमी काय? तर "आमचीं दारें आतां लागलीं." शेंकडों वर्षें विद्यापीठानें शेजाऱ्यांना रोज कळविलेली वार्ता एवढीच!

दारें उघडण्याची वार्ता यावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत जेम्स स्टुअर्ट नांवाचा एक तरुण अध्यापक होता. १८६७ सालीं उत्तर इंग्लंडांतील लीड्स, मँचेस्टर, शेफील्ड आणि लिव्हरपूल या शहरांतील स्त्रियांच्या मंडळांनीं त्याला व्याख्यानांस बोलाविलें. तरुण पुरुषानें तरुण मुलींना समोरासमोर प्रश्न विचारणें त्या काळीं शिष्टसंमत नव्हतें. म्हणून त्यानें प्रश्न छापून वांटले आणि उत्तरें लिहून मागविलीं. अडचणींतून पद्धति निघाली ती अशी. पुढें रॉचडेल या गिरण्यांच्या गांवीं सहकारी मंडळीच्या कामगारांपुढें तो व्याख्यानें देऊं लागला. एकदां परतण्याची घाई होती म्हणून त्यानें आपल्या आकृत्या भिंतीवर तशाच राहूं दिल्या. पुढच्या आठवड्यांत येतो तों सभागृहाचा रखवालदार म्हणाला कीं, हें फार चांगलें झालें. आमच्या मंडळींनीं आठवडाभर त्या आकृत्यांवर चर्चा केली आहे, आणि त्यांना पुष्कळ विचारावयाचें आहे. त्या दिवसापासून व्याख्यानाआधीं प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला.

श्रोतेहो, या लहानशा प्रसंगाचें महत्त्व मोठें आहे. व्याख्यान संपल्यावर ज्ञान गुंडाळून बरोबर नेण्याची चाल होती. यावेळीं तें भिंतीवर राहिलें, आणि शेजाऱ्यानें तें आपलेंसें केलें. १८७३ सालीं केंब्रिज विद्यापीठानें ही व्याख्यानांची योजना अधिकृत केली आणि नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या शहरांपासून तिचा प्रारंभ झाला. ऑक्सफर्डनें १८७८ सालीं तिचा कित्ता गिरविला. नॉटिंगहॅमच्या लोकांना त्या व्याख्यानांची इतकी गोडी लागली कीं १८८१ सालीं तेथें स्वतंत्र कॉलेजच उभें राहिलें. तेंच पुढें विद्यापीठ झालें. १९०३ सालीं कामगारांच्या शिक्षणाची संस्था आल्बर्ट मॅन्सब्रिज यानें स्थापिली. १९०८ सालीं आर. एच. टॉनी हा विद्वान त्याच रॉचडेलमध्यें कामगारांचा वर्ग घेऊं लागला. मार्जरी स्टारच्या देशांत कामगारांनीं पंडिताला पुन्हा पुन्हा आपल्या गांवीं बोलाविलें, हा फरक केवढा!

आतां समुद्र ओलांडून अमेरिकेंत जाऊं. तेथें विस्कॉन्सिन नांवाचें एक दुभत्याचें राज्य आहे. मॅडिसन हें राजधानीचें शहर. तेथील विद्यापीठाची स्थापना १८४८ सालची. ज्या वर्षीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली तेंच हें वर्ष. दुधांत लोणी किती हें ठरविण्याचें सोपें साधन त्या काळीं नव्हतें. त्यामुळें पाणी घालणारा आणि प्रामाणिक, दोघांनाही एकच भाव मिळे. १८९० सालीं त्या विद्यापीठांतील स्टीफन बॅबकॉक या रसायनज्ञानें थोडें गंधकाम्ल आणि एक फिरतें यंत्र यांच्या साहाय्यानें स्निग्धांश मोजण्याची युक्ति शोधून काढली, आणि तिचा एकाधिकार न घेतां ती सर्वांना मोकळी केली. प्रयोगशाळेंतील बातमी अशी थेट गोठ्यांत पोंचली. १९०३ ते १९१८ या काळांत तेथील अध्यक्ष असलेले चार्लस् व्हॅन हाइस यांचा आग्रह असे कीं, विद्यापीठाचा उपकार राज्यांतील प्रत्येक घरापर्यंत गेला पाहिजे.

आणि आपणां नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष कौतुकाची गोष्ट पुढेंच आहे. त्याच विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान शाखेंत अर्ल टेरी नांवाचे अध्यापक होते. बिनतारी यंत्राला लागणाऱ्या निर्वात नळ्या बाजारांत मिळणें कठीण, म्हणून ते आणि त्यांचे विद्यार्थी त्या हातानें बनवीत. १९१६ सालच्या डिसेंबरांत त्यांनीं हवामानाचें भाकित बिनतारी संकेतांनीं रोज पाठविण्यास सुरुवात केली, आणि १९२१ च्या जानेवारींत तें मानवी आवाजांत ऐकूं येऊं लागलें. उद्यां पाऊस आहे कीं कडाका आहे, गवत कापावें कीं थांबावें, हें शेतकऱ्याला विद्यापीठ सांगूं लागलें. १९३१ पासून खेड्यांतील शाळांसाठींही तेथून पाठ ध्वनिक्षेपित होऊं लागले. एका अध्यापकाचा आवाज एकाच वेळीं किती एकशिक्षकी शाळांत गेला असेल याची कल्पना मज जन्मभर फळ्यापुढें उभें राहिलेल्याला रोमांचित करते. ऑक्सफर्डची घंटा दारें बंद झाल्याचें सांगे. मॅडिसनच्या या आवाजानें शेतकऱ्याच्या उद्यांची चौकशी केली.

तरी बातमी दिली म्हणजे सारें साधलें असें मात्र कोणी समजूं नये. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठ आपणां मराठी माणसांना जिव्हाळ्याचें आहे. कारण बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत तेथें शिकले. हें विद्यापीठ एका टेकडीवर आहे. खालीं हार्लेम ही कृष्णवर्णीय लोकांची मोठी वस्ती. मध्यें उतारावर एक सार्वजनिक उद्यान. त्या उद्यानाच्या जागेवर विद्यापीठानें व्यायामशाळा बांधावयाचें ठरविलें. १९६१ सालीं शहराकडून जागा भाड्यानें मिळाली. आरंभीं कांहीं स्थानिक पुढाऱ्यांची संमतीही होती. परंतु वर्षें गेलीं, काळ बदलला आणि आराखडा तोच राहिला. विद्यार्थ्यांनीं वरच्या दारानें यावें, वस्तींतील लोकांनीं खालच्या दारानें यावें, आणि त्यांच्या वांट्याला इमारतीचा लहानसा खालचा भाग यावा, अशी ती रचना होती. फेब्रुवारी १९६८ मध्यें खोदकाम सुरू झालें. एप्रिलांत विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांनीं शेजाऱ्यांची बाजू घेऊन इमारती अडविल्या. काम थांबलें, आणि ती योजना सोडून द्यावी लागली. शेजाऱ्यांना येथें बातमी होती. पण बदलत्या काळांत त्यांचें मत पुन्हा कोणी विचारलें नाहीं. घरांतल्या लग्नाचें आमंत्रण देणें वेगळें आणि अंगणांत मांडव घालण्यापूर्वीं शेजाऱ्याला विचारणें वेगळें. मांडव जर त्याच्याही अंगणांत शिरत असेल, तर नुसती पत्रिका पाठवून भागत नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. पण प्रारंभींचीं कैक वर्षें तें मुख्यतः परीक्षा घेणारें आणि पदव्या देणारें होतें. शेजाऱ्याच्या दृष्टीनें विद्यापीठ म्हणजे निकालाची यादी. ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचें काम येथें विद्यापीठाबाहेरच्या माणसांनीं आधीं केलें. न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. केंब्रिजच्या योजनेनंतर अवघ्या दोन वर्षांनीं. पुढें १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग निघाला आणि त्यावर पॅट्रिक गेडीस हे नगररचनाकार आले. शहर हाच अभ्यासाचा ग्रंथ, अशी त्यांची दृष्टि होती.

पुण्याचें विद्यापीठ अस्तित्वांत आलें तें १० फेब्रुवारी १९४९ रोजीं. पहिले कुलगुरु बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. योगायोग पाहा: ऑक्सफर्डच्या त्या रक्तरंजित दिवसाचीच ही तारीख! आणि जागा कोणती? गणेशखिंडींतील लाटसाहेबांचा बंगला. त्याच बंगल्यांतील समारंभाहून परततांना २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर चाफेकरांनीं गोळी झाडली होती. ज्या फाटकांतून सामान्य पुणेकराला आंत पाऊल टाकतां येत नसे, तें फाटक विद्येसाठीं उघडलें. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळानें जयकरांच्याच नांवानें व्याख्यानमाला चालवून गांवोगांव वक्ते पाठविले. २०१४ सालीं त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. शाळेंत जातांना ज्यांच्या अंगावर शेणमाती फेंकली गेली अशी आठवण सांगतात, त्याच सावित्रीबाईंचें नांव आतां त्या दारावर आहे.

मॅडिसनची ती कल्पनाही आपल्याकडे आली. २००४ सालीं चेन्नईच्या अण्णा विद्यापीठानें आसपासच्या वस्तीसाठीं भारतांतील पहिलें सामुदायिक नभोवाणी केंद्र काढलें. पुण्याच्या विद्यापीठानेंही 'विद्यावाणी' या नांवानें आपलें केंद्र सुरू केलें. अशा केंद्राचा आवाज दहाएक किलोमीटरांच्या टापूंतच ऐकूं जातो. कोणी म्हणेल, एवढासाच? पण शेजार म्हणजे तेवढाच असतो. दूरच्या देशांना कळविण्यास विद्यापीठांना आजवर कधीं अडचण पडली नाहीं; भिंतीपलीकडच्यांनाच कळवावयाचें राहून जातें.

या साऱ्या इतिहासावरून मला जें वाटतें तें थोडक्यांत सांगून हें भाषण पुरें करतों. शेजाऱ्यांना कळविण्याची वार्ता म्हणजे केवळ मानपत्रांची आणि निकालांची यादी नव्हे. कोठें नवी इमारत उठणार, कोणता रस्ता बंद होणार, कोणतें व्याख्यान सर्वांस खुलें आहे, ग्रंथालयांत बाहेरच्या माणसाला बसतां येईल काय, आंतल्या संशोधनाचा त्याच्या पाण्याशीं, पिकाशीं, आरोग्याशीं काय संबंध आहे, हें त्याला त्याच्या भाषेंत कळलें पाहिजे. आणि जेथें त्याच्या अंगणाचा प्रश्न आहे तेथें ठरण्यापूर्वीं कळलें पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. रॉचडेलच्या कामगारांनीं भिंतीवरच्या आकृत्यांकडे पाठ फिरविली असती तर स्टुअर्टच्या हातून काय घडलें असतें? त्यांनीं प्रश्न काढले आणि ते ठरल्या वेळेआधीं येऊन बसले. आपल्यापैकीं पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या कॉलेजाच्या, विद्यापीठाच्या शेजारीं राहातों. मुलाचा प्रवेश आणि गल्लींतील गडबड यांपलीकडे आपण त्याची कधीं चौकशी केली आहे काय? या आठवड्यांत तेथें कोणाचें व्याख्यान आहे, एवढें तरी फाटकावर जाऊन विचारावें. उत्तर मिळालें तर आंत जाऊन बसावें. न मिळालें तर पुढच्या आठवड्यांत पुन्हा विचारावें.